पंडिता रमाबाई : शिकत राहिलेल्या पुढारी

पुणे जिल्ह्यातील आमच्या मंडळ्यांत पंडिता रमाबाई ह्यांचे नाव न ऐकलेले माणूस विरळा. परंतु ते नाव निघाले की लोकांच्या डोळ्यांपुढे केडगावचे मुक्तिसदन उभे राहते, आणि पांढरे पातळ नेसलेली, शेकडो अनाथ मुलींची आई झालेली एक थोर बाई उभी राहते. मग आमचे उपदेशक बंधू व बायबलबाया मनात म्हणतात की, अशी माणसे देव वेगळीच घडवितो, आम्ही साधी माणसे, आम्हांस त्यांचे अनुकरण काय साधणार! ही समजूत आम्हांस खरी वाटत नाही. पंडिताबाई एका दिवसात घडल्या नाहीत. बाप्तिस्मा झाल्यावर, पुस्तके लिहून झाल्यावर, दोन खंडांत नाव गाजल्यावरही त्यांस पुष्कळ शिकावे लागले. आणि त्या शिक्षणाचा एक महत्त्वाचा धडा त्यांस मावळात, लोणावळ्याच्या रानात मिळाला. तोच भाग आज वाचकांपुढे विशेष मांडावा असा आमचा विचार आहे. बाकीचे चरित्र त्यापुरते सांगू.

त्यांचा जन्म ता. २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या दक्षिण भागात, गंगामूळ नावाच्या अरण्यातील आश्रमात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान चित्पावन ब्राह्मण. बायकोला संस्कृत शिकविणे हे त्या काळी मोठे धारिष्टाचे काम होते. ते त्यांनी केले, लोकांचा रोष पत्करला व रानात जाऊन राहिले. मुलीला आई लक्ष्मीबाईंनी शिकविले. भागवताचे १८,००० श्लोक लहानपणीच तिच्या तोंडी बसले. पुढे हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी हिंडू लागले, आणि दुष्काळाने त्यांस गाठले. अन्नावाचून दिवसचे दिवस गेले. सन १८७४ च्या सुमारास वडील, आई व थोरली बहीण अशी तिघेही थोड्याच काळात वारली. भाऊ श्रीनिवास व रमाबाई ही दोघे पायी हिंदुस्थान तुडवीत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी ह्या तरुण मुलीची परीक्षा घेऊन तिला पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. दोन वर्षांनी भाऊही गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी ह्या बंगाली वकिलाशी, जातीचे बंधन बाजूस सारून, त्यांनी विवाह केला. १८८१ साली मुलगी मनोरमा जन्मली. १८८२ च्या आरंभी पतीस पटकीने गाठले. वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आत एवढे सारे घडले होते.

ह्या काळातील एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. उपासमारीत मेलेल्या आईबापांची आठवण त्यांच्या काळजात कायमची राहिली. पुढे जे त्यांनी केले, त्याचे मूळ पुष्कळ अंशी येथे आहे.

विधवा होऊन त्या पुण्यास आल्या. तेथे आर्य महिला समाज स्थापिला, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले, आणि सरकारी शिक्षण कमिशनपुढे स्त्रियांना वैद्यक शिकविण्याची गरज सांगितली. स्वतः वैद्यक शिकावे म्हणून १८८३ साली त्या विलायतेस गेल्या. परंतु कानांनी नीट ऐकू येत नसल्यामुळे तो मार्ग बंद झाला. वाँटेज येथील भगिनींच्या मठात त्या राहिल्या. त्या भगिनींनी लंडनजवळ वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी एक आश्रम चालविला होता. तो पाहून रमाबाई थक्क झाल्या. आमच्या समाजात ज्या बाईला कोणी उंबऱ्यात उभी करीत नाही, तिला ह्या बाया पोटाशी का धरतात, हा प्रश्न त्यांनी विचारला. आणि उत्तरादाखल त्यांस योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखविण्यात आली. ह्या गोष्टीने त्यांचे मन जिंकले. बुद्धीचे समाधान मात्र पुण्याचे नीलकंठ ऊर्फ नहेम्या गोरे ह्यांच्या पत्रांनी झाले. ता. २९ सप्टेंबर १८८३ रोजी आईचा व लेकीचा बाप्तिस्मा झाला.

आता येथे पुष्कळ चरित्रे थांबून श्वास घेतात, जणू मुक्कामाचे ठिकाण आले. आम्हांस वाटते, खरी वाटचाल येथून सुरू होते. मठातील भगिनी व त्यांची ही शिष्या ह्यांच्यात वादावादी झाली, आणि ती थोडीथोडकी नव्हे. मठवासी भगिनींची अपेक्षा अशी की, नव्या ख्रिस्ती बाईने मंडळीची शिकवण नम्रपणे ग्रहण करावी. रमाबाईंची वृत्ती अशी की, पवित्र शास्त्रात स्वतः पाहिल्याशिवाय काहीही गळी उतरवावयाचे नाही. आम्हांस ह्यात दोन्ही पक्षांचा थोडा थोडा दोष दिसतो. एकीकडे परकीय मिशनरींचा वडीलपणा होता, आणि दुसरीकडे शास्त्रार्थात कलकत्त्याचे पंडित जिंकलेल्या बाईचा अभिमानही होता. परंतु त्यांनी स्वतःच्या विवेकाची लगाम दुसऱ्याच्या हाती दिली नाही, हे चांगलेच झाले; नाहीतर पुढे केडगाव झाले नसते.

१८८६ साली डॉ. आनंदीबाई जोशी ह्यांच्या पदवीदान समारंभास त्या अमेरिकेस गेल्या व तेथेच सुमारे अडीच वर्षे राहिल्या. फ्रोबेलची बालोद्यान पद्धती शिकल्या, उच्चवर्णीय हिंदु स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, आणि बोस्टन येथे त्यांच्या कार्यासाठी मंडळ स्थापन झाले. त्याने १० वर्षे द्रव्यसाहाय्याचे वचन दिले. ता. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले.

शारदासदनात धर्मशिक्षण द्यावयाचे नाही, अशी अट होती. मात्र कोणास बायबल वाचावेसे वाटल्यास मज्जाव नव्हता, आणि पंडिताबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करीत तेव्हा दार उघडे असे. मुली येऊन बसू लागल्या. गावात बोभाटा झाला, वर्तमानपत्रांत टीकेचा भडिमार झाला, आणि १८९३ साली न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर ह्यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळ सोडले. पंचवीसेक मुली पालकांनी काढून नेल्या. आमच्या लोकांत ही गोष्ट सांगताना सर्व दोष विरोधकांच्या माथी मारण्याची चाल आहे. ते न्यायाचे नाही. ज्यांनी वचनावर विश्वासून आपल्या विधवा मुली पाठविल्या, त्यांचे मन दुखावले असल्यास नवल नाही. पंडिताबाईंनी शब्द मोडला असे आम्ही म्हणत नाही. त्यांनी कोणावर बळजबरी केली नाही हे त्यांच्या विरोधकांतील पुष्कळांस ठाऊक होते. परंतु एका घराला दोन नावे देऊन ते फार दिवस चालविता येत नाही, हे त्यांस ह्या प्रसंगातून कळले असावे. केडगावास पुढे जे घर त्यांनी बांधले, त्याच्या दारावर ते कोणाचे आहे हे पहिल्या दिवसापासून उघड होते. खेड्यात शाळा चालविणाऱ्या आमच्या शिक्षकबंधूंस ह्यात विचार करण्यासारखे पुष्कळ आहे.

बाहेर असे वादळ चालू असता आत एक वेगळेच काम चालले होते. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, म्हणजे १८९१ च्या सुमारास, पंडिताबाईंच्या ध्यानात आले की आपणांस ख्रिस्ती धर्म सापडला आहे, परंतु त्या धर्माचा प्रभु सापडलेला नाही. हे त्यांनी पुढे स्वतःच्या आत्मकथनात मोकळेपणी लिहून ठेविले. विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज पाळकाचे पुस्तक त्या सुमारास त्यांच्या हाती आले. हा मनुष्य कित्येक वर्षे व्यासपीठावरून उपदेश करीत होता, आणि स्वतःचे तारण झालेले नाही हे त्याला मागाहून कळले. ते वाचून बाईंनी स्वतःकडे पाहिले. पुढे जॉर्ज म्युलर, हडसन टेलर व जॉन पेटन ह्यांची चरित्रेही त्यांनी वाचली आणि स्वतःशी विचार केला की, ह्यांनी ज्या देवावर विसंबून एवढे केले, तो हिंदुस्थानातील एका बाईचा नाही काय? वाचकहो, ज्या बाईचे व्याख्यान ऐकावयास अमेरिकेत सभागृहे भरत, ती विश्वासाच्या बाबतीत पुन्हा पहिल्या इयत्तेत बसली. मान मिळू लागल्यावर असे बसणे किती कठीण, हे गावच्या मंडळीत चार माणसे पुढे चालविणाऱ्यासही ठाऊक आहे.

अशा मनःस्थितीत त्या लोणावळ्यास आल्या.

बोरघाटातून आगगाडी १८६३ साली सुरू झाली, तेव्हापासून लोणावळे हे रेल्वेच्या लोकांचे मोठे ठाणे बनले होते. पुण्याहून ते ४० मैल. मुंबईची व पुण्याची मंडळी उन्हाळ्यात तेथे सहज जमू शके. मेथडिस्ट मिशनने तेथे दर उन्हाळ्यात उपासनेचा मेळावा भरविण्याचा परिपाठ ठेविला होता. त्यास कँप मीटिंग म्हणत. झाडांच्या सावलीत सभा होत, आणि सकाळ-संध्याकाळ प्रार्थना व प्रवचने चालत. एप्रिल महिन्यात मावळचे रान कसे असते हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. भातखाचरे उघडी पडलेली, करवंदीच्या जाळ्या हिरव्या, दिवसा ऊन कडक, पण पहाटे घाटमाथ्यावरचा वारा अंगाला गार लागतो.

१८९६ साली पंडिताबाई ह्या मेळाव्यास आल्या. त्या तेथे वक्त्या म्हणून आल्या नव्हत्या, तर ऐकावयास व मागावयास आल्या होत्या. संस्कृत पंडित, ग्रंथकर्त्या, संस्थेच्या चालक, अशा असूनही साध्या प्रवचनांपुढे त्या शिकणाऱ्या होऊन बसल्या, आणि पवित्र आत्म्याच्या सामर्थ्याविषयी जे आजवर पुस्तकातून वाचले होते ते त्यांनी तेथे स्वतःसाठी मागितले. त्यांच्या शारदासदनातील ज्या मुली विश्वास ठेवू लागल्या होत्या, अशा १५ जणी लोणावळ्यास त्यांच्याबरोबर होत्या. गुरू व शिष्या एकाच पंगतीस बसल्या. आम्हांस ह्या चित्राचे फार महत्त्व वाटते. पुष्कळ पुढारी आपल्या माणसांस सभेस पाठवितात. त्यांच्या शेजारी बसून शिकणारे थोडे.

तेथील एका पहाटे त्या एकट्याच सूर्योदय पाहावयास रानात गेल्या. १५ मुलींबद्दल देवाचे आभार मानता मानता त्यांच्या मनात आले की, अधिक मागावे. किती मागावे? तर ह्या संख्येला ह्याच संख्येने गुणावे. १५ गुणिले १५ म्हणजे २२५. पुढचा मेळावा भरण्याच्या आत २२५ आत्मे दे, अशी त्यांनी प्रार्थना केली. त्या वेळी त्यांच्या घरी सर्व मिळून पन्नासाच्या आतबाहेर मुली होत्या, आणि खर्चाला मिळणारा पैसाही तेवढ्यांच्याच बेताचा. म्हणून शंका पुन्हापुन्हा येत. शंका आल्या हे त्यांनी लपविले नाही. देवाला कठीण असे काही आहे काय, ह्या यिर्मयाच्या ग्रंथातील प्रश्नाने त्यांनी मनाची समजूत घातली.

मागितलेले मिळाले, पण वाट त्यांस सुचली असती अशी नव्हती. १८९६ च्या अखेरीस मध्यप्रांतात भयंकर दुष्काळ पडला. स्वतःच्या आईबापांचे हाल आठवून पंडिताबाई तिकडे धावल्या. हाडांचे सापळे झालेल्या मुली, त्यांस फूस लावून नेणारी दुष्ट माणसे, दुष्काळी कामांवरील गर्दी, हे सर्व त्यांनी पाहिले. पैसा नव्हता, जागा नव्हती, तरी १८९७ चा उन्हाळा येईपर्यंत त्यांनी सुमारे ३०० मुली व स्त्रिया वाचविल्या. त्यांतील काही दुसऱ्या मिशनांच्या स्वाधीन झाल्या. परंतु स्वतःजवळ राहिलेल्यांची संख्या पाहून त्यांस लोणावळ्याची ती पहाट आठवली. घरात आलेली मुलगी म्हणजे प्रभूकडे आलेला आत्मा नव्हे, हा भेद त्या जाणून होत्या. म्हणून त्यांनी ह्या मुलींस प्रथम अन्न, औषध व अक्षरओळख दिली आणि विश्वासाची वाट पाहिली. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांपैकी शंभराहून अधिक जणींचा बाप्तिस्मा भीमा नदीत झाला.

तेवढ्यात पुण्यास प्लेगची साथ सुरू झाली. शहरात नव्या मुली ठेवण्यास मनाई झाली. शारदासदनास उत्पन्न व्हावे म्हणून केडगावास शेत घेऊन ठेविले होते. तेथे झोपड्या व तंबू उभारून ह्या मुलींस नेले. ज्या लोहमार्गाने पश्चिमेस लोणावळ्यास जावयाचे, त्याच मार्गाने पुण्याच्या पूर्वेस ३५ मैलांवर हे ओसाड माळरान. तेथे १८९८ साली मुक्तिसदनाची पक्की इमारत उभी राहू लागली. १९०० साली गुजराथेत दुष्काळ पडला तेव्हा पुन्हा मुली आणल्या, आणि वस्ती २,००० च्या जवळ गेली.

एवढा संसार एकटीने चालविणे शक्य नव्हते. येथे पंडिताबाईंना जे शिकावे लागले, ते पुढाऱ्यास सर्वांत जड जाते असे आम्ही पाहत आलो आहो. आपल्या हातचे काम दुसऱ्याच्या हाती द्यावे, व ते आपल्यासारखे होणार नाही हे सोसावे. त्यांचा स्वभाव कडक व हुकमतीचा होता, असे त्यांच्यावर प्रेम करणारेही म्हणत. तरी त्यांनी वाटे पाडले. अमेरिकन मेथडिस्ट मिशनरी मिस मिनी अब्राम्स १८९८ साली सोबतीस आल्या. मनोरमाबाई अमेरिकेत शिकून येऊन शाळेचा भार वाहू लागल्या. आंधळ्या मुलींस उठावाच्या अक्षरांनी वाचावयास मनोरमाबाईंनी शिकविले, आणि पुढे गुलबर्ग्यासही शाळा काढली. पण खरी गोष्ट ह्याहून खाली आहे. दुष्काळातून उचलून आणलेल्या मुलींतूनच शिक्षिका, दाया, विणकरणी, शेतावर देखरेख करणाऱ्या, छापखान्यात खिळे जुळविणाऱ्या व शुभवर्तमान सांगणाऱ्या तयार झाल्या. पाच वर्षांपूर्वी जिला भाकरीचा तुकडा भरवावा लागला, तिच्या हाती वीस मुलींची जबाबदारी देण्यास छाती लागते.

१९०५ च्या जानेवारीत पंडिताबाईंनी प्रार्थनेसाठी एक मंडळ जमविले. आरंभी सुमारे ७० जणी येत. सहा महिन्यांच्या आत ही संख्या ५०० वर गेली. जूनच्या अखेरीस मुक्तिसदनात मोठे संजीवन झाले. मुली मोठ्याने रडत, पापे कबूल करीत, एकाच वेळी शेकडो जणी प्रार्थना करीत. ह्या गलबल्यावर पुष्कळ मिशनऱ्यांनी टीका केली, आणि त्यांच्या टीकेत सर्वच चूक होते असे नाही. भावनेच्या पुरात गाळही वाहत येतो. पंडिताबाई स्वतः शिस्तीच्या भोक्त्या. परंतु माझ्या आवडीच्या रीतीनेच देवाने काम करावे असा हट्ट धरणे योग्य नाही, असे ठरवून त्यांनी हात आखडला. मग एक गोष्ट मात्र त्यांनी कसोशीने पाहिली. अश्रूंचा शेवट कामात झाला पाहिजे. ज्या मुलींस सेवा करण्याची इच्छा झाली, त्यांच्या टोळ्या करून पाळीपाळीने भोवतालच्या खेड्यांत पाठविल्या.

ह्या खेड्यांतील बायांच्या बोलण्यातून त्यांस एक उणीव पुन्हापुन्हा दिसे. मराठी शास्त्रातील कित्येक शब्द ह्या बायांस कळत नसत, व कित्येक संस्कृत शब्द हिंदु तत्त्वज्ञानाचा वेगळाच अर्थ मनात आणीत. हे संस्कृत पंडितेहून कोणास अधिक कळावे? वयाची पंचेचाळीशी ओलांडल्यावर त्या इब्री व ग्रीक शिकावयास बसल्या. ऐकू कमी, कामाचा डोंगर, प्रकृती खालावत चाललेली. तरी मूळ भाषांवरून सर्व पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणण्याचे काम त्यांनी हाती घेतले. ज्या भाषेने त्यांस पदव्या दिल्या, तिच्यातील शब्द त्या अडाणी बायांसाठी एक एक करून बाजूस काढीत गेल्या. खरे सांगावयाचे तर हे भाषांतर सर्वत्र प्रचारात आले नाही. मूळ शब्दाला घट्ट धरून राहिल्यामुळे ते जागोजाग वाचावयास खडबडीत लागते, आणि मंडळ्यांत बायबल सोसायटीचेच भाषांतर चालू राहिले. परंतु एका स्त्रीने एकटीने संपूर्ण शास्त्राचे भाषांतर करावे, व ते स्त्रियांनीच जुळवून, छापून, बांधावे, असे उदाहरण आम्हांस दुसरे ठाऊक नाही.

१९१९ साली सरकारने त्यांस कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिले. त्याहून मोठी कसोटी पुढे होती. आपल्यामागे मनोरमा सर्व पाहील, अशी त्यांनी बांधणी केली होती, आणि ता. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई चाळिसाव्या वर्षी वारल्या. वृद्ध आईने पुन्हा कामाची घडी बसविली, मुक्तिसदनाची धुरा न्यूझीलंडहून आलेल्या सहकारी लिसा हेस्टी ह्यांच्याकडे जाईल अशी योजना केली, आणि उरलेले तास भाषांतराच्या मुद्रितांस दिले. शेवटची मुद्रिते तपासण्यापुरते दिवस मिळावेत अशी प्रार्थना त्या करीत असत, असे केडगावकर सांगतात. ता. ५ एप्रिल १९२२ च्या पहाटे झोपेतच त्यांचा अंत झाला.

मुक्तिसदनातील मुलींनी छापण्याचे काम थांबविले नाही. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला.